राहिलेली बी.एस्सी. अमेरिकेत ऑनलाइन पूर्ण करताना

एस.वाय. झाली, लग्न ठरलं आणि टी.वाय. राहून गेली. किंवा इंजिनिअरिंगची दोन वर्षं काढली, एटीकेटी साठत गेल्या आणि शेवटी कॉलेज सुटलं. पुढे घरातल्या कुणाच्या तरी नोकरीमागे न्यू जर्सीला, डॅलसला नाहीतर बे एरियात संसार थाटला, मुलं शाळेत जायला लागली आणि गणिताची डिग्री पूर्ण करायची इच्छा पुन्हा वर आली. अशांसाठी हे लिहिलं आहे. अमेरिकेतली ऑनलाइन विद्यापीठं तुम्हाला पुन्हा पहिलीपासून बसवत नाहीत. आधी शिकलेलं मोजून घेतात आणि उरलेलंच शिकायला लावतात. पण काय मोजलं जाईल आणि काय वाया जाईल, हे पैसे भरण्याआधी कळलं पाहिजे. बहुतेकांचं नुकसान इथेच होतं.

अमेरिकेत प्रत्येक विषयाला त्याच्या तासांप्रमाणे ठरावीक क्रेडिट्स असतात आणि त्यांच्या बेरजेवर डिग्री मिळते. सगळी क्रेडिट्स एका भावाची नसतात, हे आधी ध्यानात घ्या. सुरुवातीच्या विषयांची क्रेडिट्स स्वस्त आणि हवी तिथे मिळतात. गणिताच्या वरच्या विषयांची, म्हणजे रिअल ॲनालिसिस, ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा, प्रॉबॅबिलिटी, यांची क्रेडिट्स महाग आणि मोजक्या ठिकाणी मिळतात. म्हणून नियोजन शेवटाकडून मागे करायचं. आधी वरचे विषय कुठे आणि कितीला मिळणार ते ठरवा, मग खालचे भरा. लोक नेमकं उलट करतात. स्वस्त मिळतंय म्हणून सत्तर-ऐंशी क्रेडिट्स गोळा करतात आणि मग कळतं की त्यातली निम्मी कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

१२० क्रेडिट्सचा हिशेब

अमेरिकन बॅचलर्स डिग्री साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट्सची असते. त्याचे तीन ढीग: जनरल एज्युकेशन (इंग्रजी लेखन, समाजशास्त्र, मानव्यविद्या वगैरे), मेजर म्हणजे मुख्य विषय, आणि उरलेली इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक. या तिन्हींना छेद देणाऱ्या दोन अटी असतात. पहिली अप्पर डिव्हिजनची: ३०० आणि ४०० क्रमांकाच्या कोर्सेसची ठरावीक क्रेडिट्स लागतात. दुसरी रेसिडेन्सीची. या शब्दाचा तिथे राहायला जाण्याशी संबंध नाही. ठरावीक क्रेडिट्स, बहुतेक ठिकाणी ३०, डिग्री देणाऱ्या संस्थेतच केली पाहिजेत एवढाच अर्थ. सदर्न न्यू हॅम्पशायर युनिव्हर्सिटीत गणिताची बी.ए. ऑनलाइन होते आणि १२० पैकी ९० पर्यंत क्रेडिट्स बाहेरून आणता येतात. इलिनॉय विद्यापीठाच्या स्प्रिंगफील्ड शाखेतही मॅथेमॅटिकल सायन्सेसची बी.ए. ऑनलाइन आहे.

याहून जास्त क्रेडिट्स घेणाऱ्या संस्थाही आहेत. न्यू यॉर्कमधली एक्सेलसियर (१९७१), न्यू जर्सीच्या ट्रेंटनमधली थॉमस एडिसन स्टेट (१९७२) आणि कनेटिकटमधली चार्टर ओक (१९७३) या तिन्ही नोकरी-संसार करणाऱ्या प्रौढांसाठीच निघाल्या, आणि बाहेरची क्रेडिट्स घेण्यात त्यांचा हात सगळ्यांत सैल. बिझनेस किंवा लिबरल आर्ट्सच्या विद्यार्थ्याला हे वरदान आहे. गणितवाल्याला मात्र यातून वाटतं तेवढं वाचत नाही, कारण अप्पर डिव्हिजनचं गणित बाहेर स्वस्तात मिळतच नाही. ते दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाकडूनच घ्यावं लागतं आणि तिथेही क्रेडिटमागे काही शे डॉलर जातातच. याला एक मोठा अपवाद आहे: भारतात टी.वाय.चे पेपर दिलेले लोक. त्याकडे खाली येतो.

आकडे मांडून पाहू. हे उदाहरण आहे, तुमचे दर वेगळे असतील. समजा संस्थेचा दर क्रेडिटला ३४० डॉलर आहे. सगळी १२० क्रेडिट्स तिथेच केली तर ४०,८०० डॉलर होतात. आता समजा भारतातली ५९ क्रेडिट्स लागू झाली. जनरल एज्युकेशनची १८ राहिली. त्यातली १५ चार क्लेप परीक्षांतून, म्हणजे कोर्स न करता नुसती परीक्षा देऊन (केंद्राच्या शुल्कासह परीक्षेमागे १३० धरून ५२० डॉलर), उरलेली ३ आणि इलेक्टिव्हची ६ सोफियासारख्या मासिक वर्गणीच्या सेवेतून दोन महिन्यांत (१९८ डॉलर). कॅल्क्युलस थ्री आणि डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स मिळून ७ क्रेडिट्स कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज), क्रेडिटला १५० धरून १,०५० डॉलर. झाली ९०. उरलेली ३० संस्थेत, १०,२०० डॉलर. मूल्यमापन, ट्रान्सक्रिप्ट, किरकोळ फी यांचे ६०० धरा. एकूण १२,५६८ डॉलर. यातले चार-पंचमांश पैसे शेवटच्या तीस क्रेडिट्सवर गेले. म्हणून क्लेप केंद्राचे पंधरा डॉलर वाचवण्यात डोकं घालू नका. बाहेरची क्रेडिट्स जास्त घेणाऱ्या संस्थेत त्या तीसचे सत्तावीस करता आले तर हजार डॉलर वाचतात.

भारतातले पेपर: इथे खरा पैसा आहे

अमेरिकन विद्यापीठ तुमची मार्कशीट थेट वाचत नाही. त्याला मूल्यमापन करणाऱ्या संस्थेचा अहवाल लागतो. डब्ल्यूईएस, ईसीई अशा संस्था एनएसीईएस या संघटनेच्या सदस्य आहेत आणि बहुतेक विद्यापीठं सदस्य संस्थेचाच अहवाल मागतात. अहवाल दोन प्रकारचे असतात. नुसती डिग्री काय तोडीची ते सांगणारा स्वस्त अहवाल तुमच्या काही कामाचा नाही. तुम्हाला कोर्स-बाय-कोर्स लागतो, म्हणजे प्रत्येक विषयापुढे क्रेडिट आणि श्रेणी लिहिलेला. शक्य असेल तिथे प्रत्येक विषयापुढे लोअर की अप्पर ही खूणही मागून घ्या. या एका खुणेवर पुढचे कित्येक डॉलर अवलंबून असतात.

मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्कशीट तुमच्या कपाटात असते. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाचा परीक्षा विभाग देतो आणि ते बहुतेक वेळा विद्यापीठाकडूनच सीलबंद पाकिटात किंवा ऑनलाइन थेट मूल्यमापन संस्थेकडे जावं लागतं. तुम्ही फोडलेलं पाकीट चालत नाही. एटीकेटीच्या मार्कशीटही जोडा, नापासाची आणि नंतर सुटल्याची दोन्ही. मधली एखादी गायब असली तर अहवाल अडतो, कारण बेरीज जुळत नाही.

मग नावाचा घोळ. आपल्याकडे मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि पुष्कळदा शेवटी आईचं नाव छापतात. अमेरिकन अर्जात पहिल्या रकान्यात नाव आणि शेवटच्यात आडनाव. लग्नानंतर आडनाव बदललं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलं, पासपोर्ट त्याप्रमाणे झाला, तर मार्कशीटवरची आणि अर्जावरची बाई कागदोपत्री दोन वेगळ्या होतात. विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत आणि राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत पहिल्याच पाकिटात घाला. हे नंतर पाठवायला गेलं की फाइल पुन्हा रांगेच्या शेपटाला जाते.

आता त्या अपवादाकडे. आपल्या बी.एस्सी.च्या गणितात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला जे असतं, ग्रुप आणि रिंग, रिअल ॲनालिसिस, मेट्रिक स्पेसेस, ते अमेरिकेत सरळसरळ ३००-४०० पातळीचं आहे. मेट्रिक स्पेसेस तर तिथल्या कित्येक गणितवाल्यांच्या वाट्याला येतही नाही. म्हणजे ज्यांची टी.वाय.ची एखादी सेमिस्टर झालेली आहे, त्यांच्या हातात सगळ्यांत महागडी क्रेडिट्स आधीच आहेत. पण मार्कशीटवर काय छापलेलं असतं? ‘मॅथेमॅटिक्स पेपर टू’. यावरून समोरच्याला काहीच कळत नाही. तो ‘मॅथ इलेक्टिव्ह, लोअर’ असं लिहून मोकळा होतो आणि मेट्रिक स्पेसेसचा पेपर कॉलेज अल्जिब्राच्या शेजारी जाऊन बसतो.

यावर औषध एकच: अभ्यासक्रमाची प्रत. तुम्ही परीक्षा दिली त्या वर्षाची पाहिजे, आज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे ती नव्हे. मधल्या काळात अभ्यासक्रम एक-दोनदा बदललेला असतो. कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा गणित विभागात जुन्या प्रती असतात. त्यावर कॉलेजचा शिक्का घ्या. प्रतीत पाच गोष्टी दिसल्या पाहिजेत: पेपरचं पूर्ण नाव, घटकांची यादी, तासिका, संदर्भ पुस्तकं आणि गुणांची विभागणी. संदर्भ पुस्तकांकडे दुर्लक्ष करू नका. तिथला प्राध्यापक यादीत ओळखीचं पाठ्यपुस्तक पाहतो तेव्हा पेपरची पातळी त्याला लगेच समजते. एका कागदावर आपणच जुळवणी करून द्यावी: डावीकडे आपला पेपर आणि घटक, उजवीकडे त्यांच्या कॅटलॉगमधला, म्हणजे कोर्सेस आणि नियमांच्या पुस्तिकेतला, कोर्स. त्यांच्या कोर्सचे तीन-चतुर्थांश घटक आपल्या पेपरात येत असतील तर मागणी करायला हरकत नाही. निम्मेच येत असतील तर त्या कोर्सचा नाद सोडा.

इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेल्यांची अडचण थोडी निराळी. एम-वन, एम-टू, एम-थ्री या पेपरांत कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, डिफरेन्शियल इक्वेशन्स, लाप्लास, फूरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस हे सगळं एकत्र केलेलं असतं. अमेरिकन कॅटलॉगमध्ये यातला प्रत्येक विषय वेगळा. मूल्यमापन करणारा ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स’ एवढंच लिहितो आणि तीन पेपर इलेक्टिव्हमध्ये जातात. इथे पेपरनिहाय नव्हे, तर तिन्ही पेपर मिळून मागणी करावी लागते: एम-वन आणि एम-टूचे हे घटक मिळून तुमचा कॅल्क्युलस टू आणि थ्री होतो, एम-टू आणि एम-थ्रीचे हे घटक मिळून डिफरेन्शियल इक्वेशन्स. सगळ्या संस्था हे मानत नाहीत. ज्या मानतात तिथे दहा-बारा क्रेडिट्स सुटतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी विचारायचं.

गुणांची धास्ती घेऊ नका. आपल्याकडच्या फर्स्ट क्लासचे, साठ टक्क्यांच्या पुढचे गुण बहुतेक अहवालांत ‘ए’ म्हणून येतात. जेमतेम पास झालेले पेपर मात्र ‘सी’च्या खाली गेले तर बाद. बारावीला मात्र क्रेडिट मिळत नाही, ती तिथल्या हायस्कूलबरोबर धरली जाते. कम्पल्सरी इंग्लिशचा पेपरही इंग्लिश कॉम्पोझिशन म्हणून सहसा धरत नाहीत, कारण त्यांना निबंध, संदर्भ, पुनर्लेखन या पद्धतीचा कोर्स हवा असतो. ती सहा क्रेडिट्स वेगळी काढावी लागतात.

आणि ज्यांची तीन वर्षांची बी.एस्सी. पूर्ण झालेली आहे त्यांनी दुसरी बॅचलर्स करायच्या आधी अहवाल मागवून पाहावा. नॅकची चांगली श्रेणी असलेल्या विद्यापीठाची, चांगल्या श्रेणीत मिळवलेली डिग्री काही मूल्यमापन संस्था बॅचलर्सच्या तोडीची धरतात. तसं झालं तर पुन्हा १२० क्रेडिट्सच्या मागे लागण्यापेक्षा मास्टर्सला कमी पडणारे तीन-चार कोर्स सुटे घ्यावेत.

स्वस्त क्रेडिट्स, आणि त्यातले खड्डे

क्लेप ही कॉलेज बोर्डाची परीक्षा. शुल्क शंभर डॉलरच्या आसपास, वर केंद्राचं वेगळं. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा मोफत ऑनलाइन कोर्स पूर्ण केला तर परीक्षेचं व्हाउचर मिळतं. कॅल्क्युलसच्या पेपरात ९० मिनिटांत ४४ प्रश्न: पहिले २७ कॅल्क्युलेटरशिवाय ५० मिनिटांत, पुढचे १७ पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरसह ४० मिनिटांत. डिफरेन्शिएशन निम्मं, इंटिग्रेशन चाळीस टक्के, लिमिट्स दहा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा प्रश्न कोरा सोडायचा नाही. निकाल २० ते ८० च्या मोजपट्टीवर येतो आणि ५० ला ४ क्रेडिट्सची शिफारस आहे. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. काही संस्था जास्त गुण मागतात, काही चाराऐवजी तीनच देतात. नापास झालात तर तीन महिने थांबावं लागतं. म्हणून ज्या सत्रात कॅल्क्युलस टू घ्यायचा आहे त्याच्या निदान चार महिने आधी पहिला प्रयत्न करा, नाहीतर एका परीक्षेपायी अख्खं वर्ष पुढे सरकतं.

आपल्या लोकांना या पेपरात अवघड गणित अडवत नाही, वेळ अडवतो. पहिल्या भागात एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत, आणि आलेख पाहून डेरिव्हेटिव्हचं चिन्ह ओळखायचे, कोष्टकावरून अंदाज बांधायचे प्रश्न आपण कॉलेजात फारसे सोडवलेले नसतात. सराव त्यांचा करा.

कॉलेज अल्जिब्रा आणि प्रीकॅल्क्युलस यांच्याही क्लेप आहेत. गणिताचं मेजर करणाऱ्याने त्या देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मेजरमध्ये त्या मोजल्या जात नाहीत, आणि कॅल्क्युलसचं क्रेडिट आधी मिळालं असेल तर खालच्या पातळीचं क्रेडिट पुष्कळ संस्था पूर्ण नाकारतात.

सोफिया, स्टडी डॉट कॉम, स्ट्रेटरलाइन या विद्यापीठं नव्हेत. त्यांच्या कोर्सेसना अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस असते आणि ती मानायची की नाही ते विद्यापीठ ठरवतं. जनरल एज्युकेशनसाठी त्या उत्तम: सोफियाची वर्गणी महिन्याला ९९ डॉलर, झपाट्याने अभ्यास करणारा महिन्यात दोन-तीन कोर्स संपवतो. पण कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा हे विषय मी तिथून घ्यायला सांगणार नाही. अनेक सरकारी विद्यापीठं ते मानत नाहीत. शिवाय तुम्ही पुढे संस्था बदललीत तर नवी संस्था जुन्या संस्थेचा शेरा पाहत नाही, मूळ कोर्स जिथे केला तिथलं ट्रान्सक्रिप्ट मागते. एका ठिकाणी चाललेलं क्रेडिट दुसरीकडे गळून पडतं ते असं.

कॅल्क्युलस टूपासून डिफरेन्शियल इक्वेशन्सपर्यंतचं गणित कम्युनिटी कॉलेजात घ्यावं. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला युनिटला ४६ डॉलर पडतात. याहून स्वस्त आणि सगळीकडे मानलं जाणारं गणित अमेरिकेत मिळणं कठीण. बाहेरच्याला दर कितीतरी जास्त, म्हणून आधी आपल्याच राज्यातलं कॉलेज पाहा. सत्राच्या वेळा जमत नसतील तर नॉर्थ डकोटा विद्यापीठाचे आपल्या गतीने करायचे कोर्स आहेत, वर्षात कधीही सुरू करता येतात. इलिनॉय विद्यापीठाचं नेटमॅथ कॅल्क्युलसच्या पुढचेही कोर्स ऑनलाइन देतं. दोन्ही कम्युनिटी कॉलेजपेक्षा महाग.

कोर्सचं नाव पाहून फसू नका, क्रमांक पाहा. टेक्ससमध्ये कॅल्क्युलसची साखळी मॅथ २४१३, २४१४, २४१५ अशी आहे. पहिला अंक वर्षाचा, दुसरा क्रेडिट्सचा, म्हणजे प्रत्येकी चार. मॅथ १३२५ सुद्धा कॅल्क्युलसच, पण बिझनेसवाल्यांचा, तीन क्रेडिट्सचा. फ्लोरिडात साखळी एमएसी २३११, २३१२, २३१३ अशी आणि बिझनेसवाला २२३३. बिझनेस कॅल्क्युलस गणिताच्या मेजरला कुठेच चालत नाही. त्यात ट्रिगोनोमेट्री जवळजवळ नसते आणि त्यावर कॅल्क्युलस टू उभा राहत नाही. संख्याशास्त्राचंही तसंच. कॅल्क्युलस न लागणारा स्टॅटिस्टिक्सचा कोर्स जनरल एज्युकेशनमध्ये बसतो. मेजरमधला स्टॅटिस्टिक्स वेगळा, त्याला इंटिग्रेशन यावं लागतं.

लिनिअर अल्जिब्रा कम्युनिटी कॉलेजात २०० पातळीवर शिकवतात, कित्येक विद्यापीठांत तोच विषय ३०० च्या पातळीवर असतो. तुमच्या कॉलेजातला कोर्स मानला गेला तर विषय सुटतो, पण अप्पर डिव्हिजनची तीन क्रेडिट्स मिळत नाहीत. ती दुसऱ्या एखाद्या ३००-४०० च्या कोर्सने भरून काढावी लागतात. डिग्री ऑडिटमध्ये, म्हणजे काय झालं आणि काय उरलं ते दाखवणाऱ्या विद्यापीठाच्या तक्त्यात, सगळे विषय हिरवे दिसतात आणि तळाशी ‘अप्पर डिव्हिजन: ३ कमी’ अशी एक ओळ लाल राहते. ही ओळ शेवटच्या सत्रात दिसली तर एक अख्खा कोर्स जास्तीचा बसतो.

क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे तिमाही सत्रांच्या, कॉलेजातून येत असाल तर क्रेडिटला दोनने गुणून तीनने भागा. पाच क्वार्टर क्रेडिट्स म्हणजे ३.३३ सेमिस्टर. चाराच्या कोर्सची जागा भरते, पण एकूण बेरजेत दोन-तृतीयांश क्रेडिट कमी पडतं, आणि असे चार कोर्स असले की जवळपास तीन क्रेडिट्सचा खड्डा.

संस्थेशी बोलताना एक प्रश्न नेमका विचारायला शिका. ‘माझी क्रेडिट्स ट्रान्सफर होतील का?’ असं विचारलं की उत्तर बहुधा हो येतं. विचारायचं असं: ‘होतील ती कुठल्या रकान्यात लागू होतील?’ स्वीकारणं वेगळं, लागू होणं वेगळं. ट्रान्सफरच्या यादीत कोर्सपुढे पूर्ण क्रमांक आला तर तो त्यांच्या कोर्सच्या जागी बसला. ‘मॅथ २एक्सएक्स’ असं आलं तर ते नुसतं इलेक्टिव्ह, आणि इलेक्टिव्हची जागा भरली असेल तर ते क्रेडिट असून नसल्यासारखं. अशी खूण दिसली की लगेच अभ्यासक्रमाची प्रत जोडून फेरविचाराचा अर्ज करावा. बहुतेक ठिकाणी हा अर्ज गणित विभागाकडे जातो, आणि प्रवेश कार्यालयापेक्षा तिथे न्याय मिळण्याची शक्यता जास्त.

विज्ञानाची डिग्री असेल तर

गणिताला कागद-पेन पुरतं, रसायन-जीवशास्त्राला लॅब लागते, आणि ऑनलाइनमध्ये अडतं ते तिथेच. क्लेपच्या केमिस्ट्री आणि बायॉलॉजीला सहा-सहा क्रेडिट्सची शिफारस असली तरी लॅब त्यात धरलेली नाही. पहिल्या वर्षाच्या लॅबसाठी घरपोच किट येतात. ऑर्गॅनिकपासून पुढे बहुतेक ठिकाणी किट चालत नाही. ॲरिझोना स्टेटच्या ऑनलाइन बायोकेमिस्ट्रीला ऑर्गॅनिकची लॅब प्रत्यक्ष कॅम्पसवर जाऊन करावी लागते. विमानाचं तिकीट, राहणं, मुलांची सोय हे सगळं डिग्रीच्या खर्चात धरा. विज्ञानाच्या जुन्या क्रेडिट्सना काही संस्था मुदतही लावतात. पाच ते दहा वर्षांपलीकडचा कोर्स नव्याने करायला सांगतात. गणिताच्या बाबतीत ही मुदत कमी ठिकाणी असते. भारतातली प्रॅक्टिकल्स मात्र वाया घालवू नका. मार्कशीटवर प्रॅक्टिकलचे गुण वेगळे छापलेले असतील तर ते लॅबचं क्रेडिट म्हणून मागता येतं.

व्हिसा, मदत आणि वेळापत्रक

एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. पूर्ण ऑनलाइन डिग्रीवर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, मिळत नाही. एफ-१ च्या पूर्णवेळ अभ्यासात एका सत्रात एकच ऑनलाइन कोर्स, जास्तीत जास्त तीन क्रेडिट्सचा, धरतात. केंद्र सरकारची, फाफ्सा हा अर्ज भरून मिळणारी शिक्षणाची आर्थिक मदत नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळते, एच-४ ला नाही. ग्रीन कार्ड वर्षभरात येण्याची खात्री असेल तर स्वस्त क्रेडिट्स आत्ता आणि शेवटची तीस नंतर, अशी आखणी फायद्याची.

ती तीस क्रेडिट्स पैसे असले तरी दोन सत्रांत उरकत नाहीत. गणितात एकामागून एक साखळी असते: कॅल्क्युलस टू झाल्याशिवाय थ्री नाही, प्रूफ लिहायला शिकवणारा कोर्स झाल्याशिवाय ॲनालिसिस आणि अल्जिब्रा नाही, ते झाल्याशिवाय कॅपस्टोन, म्हणजे शेवटचा समारोपाचा कोर्स, नाही. त्यात छोट्या विभागांत वरचे कोर्स वर्षातून एकदाच निघतात. प्रवेश घेण्याआधी मागच्या दोन वर्षांचं वेळापत्रक मागून घ्या आणि कुठला कोर्स कुठल्या सत्रात निघाला ते वहीत मांडा. प्रूफचा कोर्स सगळ्यांत आधी घ्यावा, अगदी कॅल्क्युलस थ्रीच्या सोबतीनेही, नियम आड येत नसेल तर. पुढची साखळी त्याच्यावर लटकलेली असते.

बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पेपराचं क्रेडिट मिळतं, पण ते गणित डोक्यात उरलेलं नसतं. ॲनालिसिसच्या पहिल्याच आठवड्यात एप्सिलॉन-डेल्टा समोर येतं. इंटिग्रेशन बाय पार्ट्स आठवायला वेळ लागत असेल तर तिथे दमछाक होते, आणि नापास झालेल्या तीन क्रेडिट्सचे हजार डॉलर परत मिळत नाहीत. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर १८.०१, १८.०२ आणि लिनिअर अल्जिब्राचा १८.०६ मोफत आहेत. प्रवेशाआधीचे तीन-चार महिने यांना द्या. व्याख्यानं बघत बसण्यापेक्षा तिथले प्रश्नसंच हाताने सोडवा. लाटेक्समध्ये (गणित टाइप करायची संगणकीय पद्धत) उत्तर लिहायची सवयही याच काळात करून घ्यावी, वरच्या कोर्सेसमध्ये गृहपाठ बहुधा त्यातच मागतात.

प्रवेश झाल्यावर बाहेर कुठलाही कोर्स घ्यायचा तर आधी लेखी परवानगी घ्या. शेवटची तीस क्रेडिट्स संस्थेतच हवीत असा नियम असेल तर परवानगीशिवाय केलेला कम्युनिटी कॉलेजचा कोर्स फुकट जातो. ज्या वर्षी प्रवेश झाला त्या वर्षीच्या कॅटलॉगचे नियम तुम्हाला लागू असतात. मध्ये मोठा खंड पडला आणि पुन्हा प्रवेश घ्यावा लागला तर नव्या कॅटलॉगचे लागतात, त्यात मेजरचे कोर्स वाढलेलेही असू शकतात. म्हणून पहिल्या दिवशीच कॅटलॉगची पीडीएफ उतरवून ठेवा आणि सल्लागाराशी झालेलं बोलणं ईमेलवर लिहून घ्या. सल्लागार बदलतात. दोन वर्षांनी नवा माणूस ‘असं कुणी सांगितलं?’ विचारतो, तेव्हा ती ईमेल पुढे करता येते.

पदवीचा अर्ज आपोआप होत नाही, शेवटच्या सत्राच्या आधी करावा लागतो. त्याआधी डिग्री ऑडिट स्वतः एकेक ओळ वाचून तपासा: एकूण १२०, अप्पर डिव्हिजन, रेसिडेन्सी, मेजरमधल्या श्रेणी. कम्युनिटी कॉलेजचं अंतिम ट्रान्सक्रिप्ट श्रेणी लागल्यानंतरचंच पोहोचलंय ना, हेही पाहा. कोर्स चालू असताना पाठवलेलं ट्रान्सक्रिप्ट तिथे ‘इन प्रोग्रेस’ म्हणून पडून राहतं. अर्जात डिप्लोमावर छापायचं नाव विचारतात, तिथे पासपोर्टप्रमाणे लिहा.